कमरेवरचं नाव

“उलगड ते. वर धर. अजून वर. मागच्या बायांना दिसू दे.”

माईक वैनींच्या हातात व्हता आणि डायपर माझ्या लेकीच्या. सुजाता नऊ वर्षांची. तिला स्टेजवर खुर्चीत बसवली व्हती, हार घातलेल्या आबांच्या फोटोला खेटून. तिनं डायपर उलगडला आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला. फोटोवाला म्हणला, “हस की बाळा.” ती हसली न्हाय.

“एवढी मोठी झाली तरी हिला अजून डायपर लागतो,” वैनी माईकवर बोलत व्हत्या. “अशाच दुर्दैवी लेकरांसाठी, आबांच्या पहिल्या पुण्यस्मरणाला, आमच्या परिवारानं हा उपक्रम...”

म्होरलं माझ्या कानात शिरलंच न्हाय. सतरंजीवर पहिल्या रांगेत सुजाताच्या वर्गातल्या पोरी बसल्या व्हत्या. हिला डायपर लागतो, हे त्यातल्या एकीला बी आजवर ठावं नव्हतं. तिनं जिवापाड लपवलं व्हतं ते. मधल्या सुट्टीत ती जागची हलायची न्हाय. पोरी उचलून न्यायला यायच्या, तर म्हणायची मला हितंच बरं वाटतं. आता कीर्तनाला आलेल्या, जेवायला आलेल्या, नुसतं बघायला आलेल्या सगळ्या गावाला कळलं. वर टाळ्या बी वाजल्या.

तवाच पोरीला उचलून घरी आणायची, असं कुणीबी म्हणंल. म्हणणाऱ्याचं काय जातंय! मला ते डायपर पायजे व्हते. त्याच्याबिगर माझी लेक शाळंत बसू शकत नव्हती. एवढीच गोष्ट हाय, त्यात फोड करून सांगण्यासारखं काय न्हाय.

सुजाताच्या मणक्यात जन्मापासनं दोष हाय. पाय लुळे, लघवीवर ताबा न्हाय. डोकं मात्र असं चालतं की बाई फळ्यावर गणित लिहीपतुर हिचं उत्तर तयार. पयल्यांदा मी कापड बांधून धाडायचे. कापडाचं काय, तासाभरात वलं. शाळंच्या मोठ्या बाईंनी मला बोलवून घेतलं. म्हणल्या, “वास येतो. बाकीच्या मुलांचे पालक माझ्याकडे येतात. डायपर घालून पाठव, मग माझी हरकत नाही.” म्हंजी शाळंचं दार आणि माझी लेक, ह्याच्यामधी तेवढी एक वस्तू व्हती.

ती वस्तू मी गोळा करायचे. मालक गेल्यावर मी लेकीला घेऊन माहेरी आले, लासुर्ण्याच्या अलीकडं आमचं गाव. तितनं यष्टीनं बारामतीला जायचे, एका दवाखान्यात आयाचं काम. बाळंतीण घरी निघाली की सामान आवरताना अर्धंमुर्धं पाकीट पलंगाखाली राहतं. वरच्या मजल्यावर म्हातारी माणसं. म्हातारं बरं हून घरी गेलं तरी पाकीट राहायचं, आणि वर गेलं तरी राहायचं. मी विचारायचे, “ठिवू का हे?” लोक म्हणायचे, “ने की बाई.” बारक्या मापाचं मी ऊसतोडीच्या कोप्यांवर द्यायचे, तितं पाचटात लेकरं जन्मत्यात. मोठ्या मापाचं सुजाताला. उरलं तर डाळजच्या सखूमावशीला, तिचा मालक अंथरुणाला खिळलाय. कुणी दिलं, कुणी घेतलं, कुणाला कुणाचं ठावं नसायचं. पिशवी आपली चालत व्हती.

मग वैनींची लेक बाळंतपणाला त्याच दवाखान्यात आली. वैनी म्हंजी आबांच्या सूनबाई, अण्णांची बायको. माझ्या हातातली पिशवी बघून म्हणल्या, “काय नेतेस गं चोरून?” मी पिशवी उघडून दाखवली. तशी बाईंचा चेहराच पालटला. “अगंबाई! किती छान कल्पना. आपण हे मोठं करू या. आबांच्या नावानं. गोळा तूच कर, वाटप पण तूच कर. तुझ्या मुलीचं वर्षभराचं माझ्याकडं लागलं.”

वर्षभराचं! मला तर रडूच आलं. मी त्यांच्या पाया पडायची तेवढी राहिले.

आता आमच्या गावात आबांच्या नावाबिगर काय हाय, ते बी सांगते. यष्टीच्या थांब्यावर बाकडं हाय, त्याच्या पाठीवर आबांचं नाव. मसणवट्यातल्या शेडवर आबांचं नाव. शाळंत पाण्याची टाकी, तिच्यावर आबांचं नाव. वर्गातल्या पंख्याच्या पात्यावर लाल रंगात आबांचं नाव, पंखा थांबला की वाचता येतं. दिलं की नाव घालायचं, ही रीतच हाय. ताटवाटीवर बी आपण घालतो की. पण आपण आपल्या ताटावर घालतो. ह्यांचं सगळ्या गावावर.

आणि माझा बाप? माझा बाप आबांच्या गोठ्यात राबला. गोठ्यात जनावरांना नावं व्हती. गाय कपिला, म्हस चंद्री, बैल ढवळ्या. माझ्या बापाला नाव नव्हतं. “ए,” एवढंच. “ए, वैरण टाक. ए, हिकडं ये.” आबा वाईट व्हते असं कुणी म्हणणार न्हाय, देवमाणूस म्हणत्यात. माझ्या बापाच्या छातीत कळ आली तवा त्यांनी गाडी दिली व्हती. म्होरलं शीट मोकळं व्हतं. बापाला मागं पेंडीच्या पोत्यावर बसवून नेलं. बाप मरताना बी आबांचं चांगलंच बोलत गेला. मला ते पोतं इसरत न्हाय.

असो. पुण्यस्मरण झालं, डायपर वाटून झाले. स्टेजवरनं घरी आणताना सुजाता माझ्या काखेत गप व्हती. मी भ्याले, म्हणलं आता ही शाळंचं नाव काढायची न्हाय. तर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच दप्तर पुढ्यात वढून बसली. म्हणली, “आये, आता समद्यांना कळलंय. मग लपवायचं काय राहिलं? चल की.” 

माझी लेक हाय ती.

पुढं चार-दोन दिसांनी तिची कंबर खाजाया लागली. मी म्हणलं घामोळं आलं असंल. अंघोळीला बसवली आणि बघते तर काय, कमरंवर मागच्या बाजूला जांभळे डाग. चामडी लाल, आणि वर जांभळं. साबण लावला, जाईना. खोबरेल चोळलं, जाईना. डाग तरी कसले, ओळीनं! बया, म्हणलं ही अक्षरं हायत काय? पण उलटी. मला वाचता येईनात.

मी आत जाऊन नवा डायपर काढला. बाहेरनं सगळा कोरा. उलगडला. आतल्या बाजूला, कमरंला जितं टेकतो तितं, शिक्का मारलेला. दुसरा उघडला. त्याच्यावर बी. तिसरा. पाकिटं बाजूनं चिरून, एकेक काढून, एकेकावर शिक्का मारून परत भरली व्हती. कुणीतरी बसून केलं असंल हे काम. घरातल्या गडीबायांना बसवलं असंल वळीनं.

“आये, काय झालं?” न्हाणीतनं आवाज आला. “काय हाय गं पाठीवर?”

“कुठं काय. डाग पडलाय.”

“आरसा दे.”

“कशाला आरसा?”

“दे म्हणते ना.”

लेकरू शहाणं असलं की असं हुतं. तिनं भिंतीला टेकून, मान वळवून, कमरंपाशी आरसा धरला. आरशात उलटं सुलटं झालं. डाग फिसकटले व्हते, ती एकेक अक्षर लावून वाचाया लागली. “कै.” मग आबांचं नाव. मग त्यांच्या बापाचं. मग आडनाव. “यांच्या... स्मर... स्मरणार्थ.” खाली बारक्या अक्षरात अजून एक ओळ व्हती. “विक्रीसाठी नाही.”

तिनं आरसा खाली ठिवला.

“आये, कै. म्हंजी मेलेलं ना?”

“व्हय.”

“मग मेलेल्या माणसाचं नाव माझ्या अंगावर कशाला?”

मी तिला टॉवेल गुंडाळला. माझ्या बापाला ज्यानं उभ्या जन्मात नावानं हाक मारली न्हाय, त्याचं नाव माझ्या लेकीच्या कातड्यावर उमटलं व्हतं. गुरांना डाग देत्यात, तसं. स्टेजवर मी गप बसले व्हते, आता बसणार नव्हते.

राहिलेली सगळी पाकिटं मी पोत्यात भरली. सुजाता बघत व्हती.

“सगळी परत?” तिनं विचारलं. 

“सगळी.”

“मग शाळा?”

“शाळंचं मी बघते.”

काय बघणार व्हते, माझं मला ठावं नव्हतं. पण म्हणले.

पोतं डोक्यावर घेऊन मी बंगल्यावर गेले. दुपार टळली व्हती. वैनी ओट्यावर झोपाळ्यात बसल्या व्हत्या, मोबाइल बघत. मी पोतं आबांच्या फोटोखाली ठिवलं.

“काय गं, माप चुकलं का?”

“वैनी, ह्याच्या आत शिक्का का मारला?”

“अच्छा, ते होय.” त्या हसल्या. “अगं, बाहेरच्या प्लास्टिकवर शाई बसेना, नुसती पुसली जायची. म्हणून आतून मारायला लावला. तुझ्यावर विश्वास आहे गं माझा. पण बाकीचे? दुकानात नेऊन विकतील. मला माहीत आहेत ना हे लोक.”

“पोरीच्या अंगावर उमटलंय ते. चामडी सोलवटलीय.”

“मग पावडर लाव जरा. फुकटच्या वस्तूत एवढं बघतात का? एवढं करून वर तुझं तोंड! भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची पाळी आणलीस.”

ह्याला म्हणत्यात चोराच्या उलट्या बोंबा. ती म्हण माझ्या तोंडची व्हती, आणि ही बाई मला ऐकवत व्हती! मी पोत्यातला एक डायपर काढला आणि त्यांच्या पुढ्यात उलगडला. स्टेजवर माझ्या लेकीनं धरला व्हता, तसाच वर धरला.

“वैनी, हे कुठं बांधत्यात, ठावं हाय ना? ह्याच्यात काय पडतं, ठावं हाय ना? मग बघा, तुमी तुमच्याच सासऱ्याचं नाव कुठं घातलंय ते.”

झोपाळा थांबला. वैनींनी शिक्क्याकडं बघितलं, मग फोटोकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडलं ते मिटंना. आई शप्पत सांगते, त्या घरात शिकलीसवरलेली इतकी माणसं, पण नाव घालायच्या नादात एकाच्या बी डोक्यात हे आलं नव्हतं. नाव घालायचं, एवढंच त्यास्नी ठावं.

दारात अण्णा उभे व्हते. कवापासनं उभे व्हते, कुणास ठाऊक. अण्णा कधी आवाज चढवत न्हाईत. त्यामुळंच गाव त्यास्नी भितं.

“हे आणि कुणाला बोललीस?” त्यांनी विचारलं.

“कुणाला न्हाय.”

“फोटो काढलास?”

“न्हाय.”

“बरं. पोतं राहू दे. जा तू.”

पोरीचं कसं हाय, चामडी किती सोलवटलीय, एका शब्दानं विचारलं न्हाय. मी हातातला डायपर तितंच टाकला आणि पायऱ्या उतरून मागं बघितलं. त्यांनी वैनींच्या पुढ्यातला डायपर स्वतः उचलून आत नेला. दार लावून घेतलं.

त्या दिवसापासनं गावात पांढरी जीप फिराया लागली.

आधी ती कोप्यांवर गेली. मग वाड्यावस्त्यांवर. दोन माणसं उतरायची, म्हणायची, “वाटपातले डायपर परत द्या, खराब माल आलाय.” मी पिशवी घेऊन गोळा करायचे, आता हे गोळा करत व्हते. उघडलेलं पाकीट, न उघडलेलं पाकीट, सगळं. दुसऱ्या दिवशी डाळजवरनं सखूमावशीचा फोन आला. रडत व्हती. म्हणली, “अगं, म्हाताऱ्याच्या अंगावरचा बी सोडून मागितला. मी म्हणलं, आरं लाज हाय का? तर म्हणत्यात कसं, शिक्का असलेला एक बी ठेवायचा न्हाय. माझ्यासमोर सोडला गं त्यांनी. म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले.”

संध्याकाळी बंगल्यामागच्या उसाच्या रानात काळा धूर निघाला. ते तसं लवकर पेटत न्हाय, नुसतं धुमसतं. सगळ्या गावात त्याचा वास. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. एकानं बी विचारलं न्हाय, काय जाळताय. ज्यानं विचारायचं त्यालाच ठावं न्हाय, आणि ज्याला ठावं त्याची बोलायची छाती न्हाय.

धूर निघत व्हता तवाच जीप माझ्या दारात आली. अण्णा स्वतः उतरले. आमच्या वस्तीत ते उभ्या जन्मात कधी उतरले नव्हते, मतं मागायला सुद्धा गाडीतनंच हात जोडायचे. उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले. सुजाता आत अभ्यास करत बसली व्हती.

“पोरीच्या अंगावरचं गेलं का?” 

मला वाटलं, चला, उशिरा का व्हईना, माणूस विचारतंय. मी म्हणलं, “अजून न्हाय. फिकं झालंय जरा.”

“निघंपर्यंत तिला शाळंत धाडू नको. पोरी जवळ बसतात, खेळतात, कुणी बघितलं तर आबांच्या नावाला हसं व्हईल. घासून काढ. मोठ्या बाईंना मी सांगितलंय. दवाखान्यात बी कळवलंय, तुला आता यायची गरज न्हाय. घरीच राहा. पोरीकडं लक्ष दे.” मग जरा थांबून म्हणले, “समजून वाग. बाईमाणूस एकटी हायस.”

किती मऊ आवाजात म्हणले! कुणी लांबनं बघितलं असतं तर वाटलं असतं, माझी इचारपूस करत्यात. माझं काम गेलं व्हतं. डायपर गेले व्हते. आता लेकीची शाळा जात व्हती. ती बी कशापायी, तर ह्यांनीच मारलेला ह्यांचाच शिक्का तिच्या अंगावर हाय म्हणून. दुष्काळात तेरावा महिना म्हणत्यात तो असा गाडीतनं उतरून दारात येतो.

मला भ्या वाटलं. खोटं कशाला बोलू?

आतनं सुजाताचा आवाज आला. ती पुस्तकातनं वर सुद्धा बघत नव्हती.

“आये, कापड बांध मला. मी उद्या जाणार हाय. उद्या चाचणी हाय.”

अण्णांनी आत बघितलं. नऊ वर्षांच्या लेकराकडं त्यांनी असं बघितलं, जसं बांधावरच्या झाडाकडं बघत्यात, ठिवायचं का काढायचं.

मग माझ्या तोंडातनं आलं. मी ठरवलं नव्हतं. 

“अण्णा, नाव तुमचं हाय. घासून काढायचं तर तुमी काढा. माझी लेक उद्या शाळंत जाणार.”

ते वळून गाडीत बसले. जीप सुरू झाली, वस्तीच्या तोंडाशी गेली आणि तितंच थांबली. दिवा लागायच्या वक्ताला बी ती तितंच व्हती.

मी जुनी सुती लुगडी फाडली, आईची व्हती. धुऊन, उकळून, घड्या घालून पिशवीत भरली. सकाळी लेकीला कमरंवर घेतली, आणि निघाले. जीप वस्तीच्या तोंडाशी उभीच. आमी तिच्या अंगावरनं गेलो. मागनं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. ती आमच्या चालीनं मागं येत राहिली, शाळंपतुर. सुजातानं माझ्या गळ्यातले हात घट्ट केले, पण मागं वळून बघितलं न्हाय. मी बी न्हाय.

फाटकात मोठ्या बाई उभ्या व्हत्या. “दोन-चार दिवस घरीच असू दे ना तिला,” त्या म्हणल्या, आणि माझ्या खांद्यावरनं जीपकडं बघितलं.

“का बाई?”

“तिची तब्येत...”

“तब्येत चांगली हाय. तुमी मला कागदावर लिहून द्या. हिच्या कमरंवर अण्णांच्या बापाचं नाव हाय, म्हणून हिला शाळा न्हाय. सही करून द्या, मी गपगुमान घरी जाते.”

फाटकापाशी पोरं थांबली व्हती, चार बाया बी थांबल्या व्हत्या. मी बारक्या आवाजात बोललेच नव्हते. मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा झाला. आता हसं व्हायचं ते सगळ्यांच्या समोर व्हणार, हे त्यास्नी कळलं. त्या बाजूला झाल्या. तोंडानं ‘ये’ म्हणल्या न्हाईत. नुसत्या बाजूला झाल्या.

सुजाता वर्गात तिच्या जागी बसली. वर पंखा फिरत व्हता, पात्यावरचं नाव दिसत नव्हतं. तिच्या शेजारची पोरगी जरा सरकली. जवळ सरकली का लांब, मला दारातनं कळलं न्हाय.

हे झालं त्याला आता बरेच दिवस झालेत. तिच्या कमरंवरचं नाव निघून गेलं. कातडी नवी आली. शाळंच्या मागं डाळिंबाचा मळा हाय, त्याचा मालक दुसऱ्या गावचा. तितं मी खुरपायला जाते आणि मधी चार-पाचदा उठून शाळंत येते. लेकीचं कापड बदलते, आणि परत जाऊन खुरपं हातात धरते. डायपरची पिशवी मी परत काढलीय. दवाखान्यातली एक सिस्टर, तिचं नाव सांगणार न्हाय, यष्टीतनं काय काय धाडते. मोठ्या मापाचं थोडंच असतं, ते सखूमावशीला जातं, सुजाताचं आता कापडावर भागतं; बारकं कोप्यांवर जातं. मी उघडून बघते, आतनं, बाहेरनं. मग देते.

जीप अजून असते. कधी मळ्याच्या बांधाला, कधी फाटकाच्या समोर. काच वर असते, आत कोण हाय ते दिसत न्हाय. परवा मळ्याच्या मालकानं मला विचारलं, “ती गाडी कुणाची हाय गं? तुझ्यामागं का असती?” त्याच्या आवाजातच मला कळलं, हे काम बी फार दिवस टिकायचं न्हाय.

न टिकू दे.

काल सुजातानं विचारलं, “आये, ते गाडीवाले काय करतील गं आपलं?” मी तिला खोटं सांगितलं न्हाय. म्हणलं, “काय बी करतील. माझं काम घालवतील. घरावर येतील. तू मोठी व्हईपतुर असंच चालंल.”

“मग?”

“मग काय. उद्या किती वाजता सोडू तुला?”

“दहाला,” ती म्हणली.

दहाला सोडणार हाय. जीप फाटकात आडवी लावली तर तिला वळसा घालून सोडणार हाय, आणि कुणी वाट आडवली तर सगळ्या गावासमोर हे सगळं पयल्यापासनं सांगणार हाय, शिक्क्यासकट, नावासकट.